क्रमशः कथेच्या नव्या वाचकांसाठी: लेखकापर्यंत नेमके काय पोहोचवावे

वनाज स्थानकावर मेट्रोत बसलेला वाचक रामवाडीला उतरेपर्यंत मोबाइलवर एखाद्या क्रमशः कथेचे दोन भाग सहज वाचून संपवतो. वाचताना तो एखाद्या ठिकाणी स्वतःशीच हसतो, एखाद्या वाक्यापाशी थबकून खिडकीबाहेर पाहतो आणि उतरताना मोबाइल खिशात टाकून गर्दीत मिसळतो. त्या कथेच्या लेखिकेला यातले कळते ते इतकेच, की दोन भागांच्या वाचनसंख्येत एकेकाची भर पडली. हसू कोणत्या ओळीला आले आणि नजर खिडकीबाहेर का गेली, हे तिच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसतो. ते वाचकानेच सांगावे लागते.

मी गेली सात वर्षे कोथरूडमधल्या घरी, बहुधा रात्रीची भांडी आवरून झाल्यावर, अशा कथा लिहीत आले आहे. या काळात ऑनलाइन कथा नव्याने वाचू लागलेल्या अनेकांनी मला विचारले, की वाचतो तर आम्ही आवडीने, पण लेखकाला लिहायचे काय आणि कसे? पुढील मजकूर त्यांच्यासाठी आहे. माझा अनुभव असा, की लेखकाला स्तुतीपेक्षा खूण अधिक हवी असते. आपण रचलेल्या अमुक एका जागी एक अनोळखी माणूस खरोखर येऊन गेला, याची ती खूण. नवा वाचक ती कशी ठेवू शकतो, ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: खाते उघडा आणि पहिल्या भागापासून वाचा

प्रतिलिपी, वॉटपॅड किंवा तशाच कोणत्याही ॲपवर आपले खाते उघडून, ज्यांचे लेखन आवडते त्या लेखकांना फॉलो करावे. नाव खरे असलेच पाहिजे असे नाही. टोपणनावाला मराठी साहित्यात जुनी प्रतिष्ठा आहे. मात्र एकच नाव कायम ठेवावे. तिसऱ्या भागाखाली दिसलेले नाव अकराव्या भागाखाली पुन्हा दिसले की लेखकाला आपला वाचक टिकल्याचे समजते, आणि क्रमशः लिहिणाऱ्याला याहून मोठा दिलासा क्वचितच मिळतो.

भाग क्रमाने वाचावेत. कारण केवळ कथेची संगती एवढेच नाही. अशा ॲपवर प्रत्येक भागाचे वाचन स्वतंत्र मोजले जाते, आणि पहिल्या भागाकडून दुसऱ्याकडे जाताना आकडा जो घसरतो, तो पाहून कित्येक नवे लेखक खचतात. कोणी पहिला भाग उघडून दोन ओळींत सोडून दिला की पूर्ण वाचून पुढे येणार नाही असे ठरवले, हे आकडा सांगत नाही. कोणी शेवटचा भाग आधी उघडून पाहतो; त्याचीही नोंद वाचन म्हणूनच होते. (शेवट आधी वाचणाऱ्यांबद्दल माझे मत येथे लिहिण्याजोगे नाही.)

दुसरी पायरी: तारे आणि खुणा यांचा अर्थ समजून घ्या

प्रतिलिपीवर पाचपैकी तारे देता येतात आणि ॲपमधली नाणी खर्चून स्टिकरही देता येतात. वॉटपॅडवर प्रत्येक भागाला एक तारा म्हणजे एक मत असते आणि परिच्छेदाशेजारीही शेरा लिहिता येतो. आवडत्या पुस्तकांतील किंवा मालिकांतील पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या इंग्रजी कथा जेथे मोठ्या प्रमाणात वाचल्या जातात, त्या आर्काइव्ह ऑफ अवर ओन या संकेतस्थळावर ‘कुडोस’ नावाची दाद आहे, पण ती एका वाचकाला एका संपूर्ण कथेसाठी एकदाच देता येते. म्हणजे तीस प्रकरणांच्या कथेला पहिल्याच प्रकरणात दाद देऊन टाकली, की उरलेल्या एकोणतीस प्रकरणांत तुम्ही सोबत होता की नाही, हे शब्दांत लिहिल्याशिवाय लेखकाला कळण्याची सोय नाही.

तारे द्यावेत, त्यांचा उपयोग होतो. नवे वाचक ते पाहून कथा उघडतात. परंतु दोन तारे देऊन एकही शब्द न लिहिता निघून जाणे लेखकाच्या कोणत्याच उपयोगाचे नाही. भाषा खटकली, कथा रेंगाळली की चुकून बोट लागले, यावर विचार करण्यात त्याची एक रात्र मात्र जाते.

तिसरी पायरी: प्रतिसाद लिहा

या पायरीवर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण बाकी सर्व तिच्याभोवतीच फिरते.

मराठीत ऑनलाइन वाचणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत स्वतःची एक लघुलिपीच तयार केली आहे. ‘पु.भा.प्र.’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, ‘पु.ले.शु.’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. यांखेरीज ‘मस्त’, ‘छान’, ‘अप्रतिम’ आणि हाताचा अंगठा. यांपैकी काहीही वाईट नाही. लग्नाच्या पंगतीत ‘जेवण उत्तम झाले’ म्हणावे तसे हे सौजन्य आहे, आणि सौजन्याने कोणाचे वाईट होत नाही. फक्त आचाऱ्याला त्यातून अळूवाडी जमली होती की मठ्ठा, हे कळत नाही.

मी एकदा कसबा पेठेतील जुन्या वाड्यात घडणारी कथा लिहीत होते. तिच्या चौथ्या भागात सासू दूध तापवून पातेल्यावर झाकण ठेवायला विसरते, एवढेच एक वाक्य होते. तिची स्मरणशक्ती ढासळू लागली आहे हे मला पुढे सातव्या भागात उघड करायचे होते, आणि ते वाक्य मी केवळ स्वतःच्या समाधानासाठी पेरून ठेवले होते. त्या भागाखाली चाळीसेक प्रतिसाद आले. एकोणचाळीस जणांनी ‘छान’ या अर्थाचे काहीतरी लिहिले. एका वाचकाने लिहिले: ‘झाकण ठेवायला विसरल्या तिथे पोटात धस्स झालं. माझ्या आईचंही असंच दुधापासून सुरू झालं होतं.’ मी ते वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या दोन वाक्यांनी मला सांगितले, की वाक्य जागेवर बसले आहे, की सातव्या भागात अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नाही, आणि की मी ज्या दुखण्याबद्दल लिहीत आहे ते कोणाच्या तरी घरातले आहे, तेव्हा हात जपून चालवला पाहिजे. सातवा भाग मी त्यानंतर पुन्हा लिहिला आणि त्यातील डॉक्टरांचे लांबलचक संभाषण काढून टाकले.

त्या प्रतिसादात एक जागा होती आणि त्या जागी वाचकाचे काय झाले ते होते. नव्या वाचकाने एवढी दोन अंगे जरी धरून ठेवली तरी पुरे. भाग वाचून संपल्यावर मोबाइल लगेच बाजूला न ठेवता स्वतःला विचारावे, की आत्ता डोळ्यांसमोर काय उरले आहे. एखादे वाक्य उरले असेल, एखादी वस्तू, एखाद्या पात्राचे गप्प राहणे. ते नाव घेऊन लिहावे. मग ते वाचताना आपल्याला काय वाटले ते लिहावे, आणि जमल्यास आता पुढे काय होईल असा आपला तर्क जोडावा. तर्क चुकीचा ठरला तरी हरकत नाही. उलट, चुकलेला तर्क लेखकाला फार काही सांगून जातो: खुनी कोण याबद्दल दहापैकी नऊ जणांचा संशय भाडेकरूवर असेल, तर भाडेकरूभोवतीचे धुके नीट जमले आहे, आणि दहाही जणांनी दुसऱ्याच भागात खऱ्या माणसाचे नाव लिहिले असेल, तर लेखकाला अजून वेळ आहे.

हा ‘अजून वेळ आहे’ क्रमशः कथेचा खरा गुण आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या, म्हणजे हप्त्याहप्त्याने वाचण्याची सवय या शहराला नवी नाही. फरक वेगाचा आहे. आज रात्री साडेअकराला टाकलेल्या भागावरचे मत सकाळी दूध येण्यापूर्वी लेखकासमोर असते, आणि पुढचा भाग त्या वेळी बहुधा अर्धाच लिहून झालेला असतो. छापून, बांधून, अप्पा बळवंत चौकातील दुकानात येऊन पडलेल्या कादंबरीला वाचकाचे मत फार तर पुढच्या आवृत्तीत उपयोगी पडते.

प्रतिसाद मोठा असावा लागत नाही. मराठी टंकलेखनाचा सराव नसेल तर मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय वापरावी. त्यात जोडाक्षरे थोडी इकडेतिकडे होतात, पण अर्थ पोहोचतो. रोमन लिपीत लिहिलेले मराठीही कोणी नाकारत नाही. आपल्याला साहित्यातले काही कळत नाही, मग आपण काय लिहिणार, या संकोचाला तर येथे जागाच नाही. समीक्षकाने काय म्हटले असते ते लेखकाला अंदाजाने सांगता येते. स्वारगेटला बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला वाचताना काय झाले, हे त्याला कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. पुढच्या भागातील रहस्य मागच्या भागाखाली फोडू नये. आपण बाराव्या भागापर्यंत पोहोचलो असू आणि तिसऱ्याबद्दल लिहावेसे वाटत असेल, तर मागाहून येणारा नवा वाचक तेच वाचणार आहे हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्ण होऊन दोन-तीन वर्षे झालेल्या कथेखाली आलेला प्रतिसाद ताज्या भागाखालच्या प्रतिसादापेक्षा अधिक लक्षात राहतो. ताज्या भागाला गर्दी असते. जुन्या कथेकडे कोणी फिरकत नाही, आणि तेथे अचानक उमटलेले कोणाचे तरी दोन शब्द बंद घराची खिडकी उघडल्यासारखे वाटतात. तेव्हा आता उशीर झाला, असे समजून गप्प बसू नये.

चौथी पायरी: पुढचा भाग मागताना

‘पुढचा भाग कधी?’ हा प्रश्न प्रेमातूनच येतो, हे प्रत्येक लेखक जाणतो. तरीही सलग पंधरा जणांनी केवळ तेवढेच लिहिले, तर वाचलेल्या भागाचे काय झाले हे कोणीच सांगितलेले नसते आणि लेखकाला वाण्याच्या उधारीसारखा तगादा तेवढा ऐकू येतो. ऑनलाइन लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पोट लेखनावर नसते. कोणी हिंजवडीहून वाहतुकीतून घरी पोहोचून लिहितो, कोणी मुलांच्या परीक्षा सांभाळून. गणपतीचे दहा दिवस तर अर्ध्या पुण्याचे लेखन थांबलेले असते.

म्हणून मागणीसोबत कारण द्यावे. ‘वसू पत्र उघडते की फाडते, याचा आठवडाभर विचार करतोय, सवडीने लिहा, मी वाचायला आहे’ असे वाक्य ‘लवकर टाका’ याच्यापेक्षा भाग लवकर आणते, असा माझा अनुभव आहे. लेखकाने भाग टाकण्याचा वार जाहीर केला असेल तर त्या वारापर्यंत तरी विचारू नये.

पाचवी पायरी: चूक दाखवताना

पुणेकराला चूक दाखवायला शिकवावे लागत नाही. केव्हा आणि कोठे दाखवावी, एवढाच काय तो प्रश्न असतो.

माहितीची चूक अवश्य दाखवावी. समजा, कथा २०१९ मध्ये घडते आणि नायक वनाजला मेट्रोत बसून गरवारे महाविद्यालयाला उतरतो. पुण्यातील मेट्रोचा तो टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, त्यामुळे हा प्रवास अशक्य आहे, आणि ज्या वाचकाने हे पाहिले त्याने सांगितले तर लेखकावर उपकारच होतात. वैयक्तिक संदेशाची सोय असल्यास तेथे सांगावे, नसल्यास प्रतिसादात एका वाक्यात सांगावे, आणि जमल्यास उपाय सुचवावा: त्या वर्षी तो पीएमपीच्या बसने गेला असता. चूक दुरुस्त झाल्यावर मूळ शेरा काढून टाकण्याचा मोठेपणा काही वाचक दाखवतात.

शुद्धलेखनाबद्दल थोडे सबुरीने घ्यावे. १९६२ मध्ये स्वीकारलेले नियम आजही प्रमाण मानले जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मलाही बोचतात. परंतु मोबाइलवर रात्री लिहिलेल्या तीन हजार शब्दांत ‘आणि’ची वेलांटी दोन ठिकाणी चुकली, एवढेच ज्याला त्या तीन हजार शब्दांत दिसले, त्याच्या वाचनाबद्दल लेखकाचे मत फारसे चांगले होत नाही. चुका पुष्कळ असतील तर त्यांची यादी खासगीत पाठवावी. पात्रांच्या बोलीतले शब्द मात्र चुका म्हणून यादीत घालू नयेत; मावळातील आजी पुस्तकी बोलत नसते.

कथेच्या रचनेबद्दल तक्रार असेल तर लेखकाला ती हवी आहे का, हे आधी पाहावे. काहीजण भागाच्या शेवटी ‘परखड मते कळवा’ असे लिहितात. तेथे मोकळेपणाने लिहावे. अन्यत्र एकदा विचारून घ्यावे. लिहिताना ‘हा भाग कंटाळवाणा आहे’ याऐवजी ‘बँकेतल्या प्रसंगानंतर माझे लक्ष उडाले आणि मी चार परिच्छेद गाळून पुढे गेले’ असे लिहावे. पहिल्यात निवाडा आहे, दुसऱ्यात घडलेली गोष्ट आहे. आणि घडलेल्या गोष्टीशी लेखकाला भांडता येत नाही. उपाय मात्र त्याच्यावर सोडावा. ‘नायिकेने नोकरी सोडलेली मला पटली नाही’ हे मत झाले. ‘पुढच्या भागात तिला नोकरीवर परत पाठवा’ ही ऑर्डर झाली.

अंतर राखण्याबद्दल

पात्राने केलेले पाप लेखकाच्या नावावर मांडू नये. माझ्या एका कथेतील नवरा बायकोवर हात उगारतो, त्यावर मला ‘तुम्हाला हे पटते का’ असे विचारले गेले. लेखिकांना याहून वाईट प्रश्न येतो: ‘ही तुमचीच गोष्ट ना?’ तो प्रश्न कितीही सहानुभूतीने विचारला, तरी उत्तर काहीही दिले तरी अडचणच असते, म्हणून तो विचारूच नये. फोन नंबर, नोकरीचे ठिकाण, राहण्याचा भाग यांची चौकशीही करू नये.

संबोधनाबद्दल नवे वाचक हमखास गोंधळतात. अनोळखी लेखकाला ‘अहो’ म्हणावे, वय कितीही लहान वाटले तरी. ‘ताई’ आणि ‘दादा’ जिव्हाळ्याने म्हटले जाते आणि बहुतेकांना ते आवडते. पण ज्यांना आवडत नाही त्यांनी तसे सुचवले तर नावापुढे केवळ ‘जी’ लावून काम भागते. ‘अगं’ म्हणण्याइतकी ओळख होण्यास निदान एक कथा पूर्ण व्हावी लागते.

इतरांना वाचायला देताना

कथा आवडली की ती कॉपी करून सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकायची, ही आपल्याकडची सर्रास चाललेली गोष्ट आहे. तिसऱ्या गटात जाईपर्यंत लेखकाचे नाव गळते, पाचव्यात ‘लेखक अज्ञात’ असे लागते आणि मग कोणीतरी तीच कथा स्वतःच्या आवाजात वाचून यूट्यूबवर चढवतो. माझी एक कथा मला माझ्याच मावशीने ‘बघ, किती छान लिहिलंय कोणीतरी’ असे म्हणून पाठवली होती.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली गेली की तिचा हक्क लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, आणि तो हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ॲपवर फुकट वाचायला मिळते म्हणजे ती बेवारस आहे, असा अर्थ होत नाही. परीक्षण लिहिताना दोन-चार ओळी उद्धृत करणे कायद्याला मान्य आहे. संपूर्ण भाग उचलणे मान्य नाही. म्हणून दुवा पाठवावा, आणि त्यासोबत आपले एक वाक्य लिहावे: कथा कशाबद्दल आहे आणि आपल्याला ती का पाठवावीशी वाटली. नुसता दुवा कोणी उघडत नाही. ‘हे वाच, तुला आपल्या जुन्या वाड्याची आठवण येईल’ असे लिहिलेला दुवा उघडला जातो. आपण वाचलेली कथा दुसरीकडे भलत्याच कोणाच्या नावावर दिसली, तर लेखकाला लगेच कळवावे. बहुतेक वेळा ते त्याला वाचकांकडूनच समजते.

पैशांबद्दल थोडक्यात. नाणी, स्टिकर, वर्गणी ज्याला परवडते त्याने द्यावी, त्याने लेखकाचा इंटरनेटचा खर्च निघाला तरी आनंदच आहे. ज्याला परवडत नाही त्याने अवघडून जाऊ नये. एक व्यवहार मात्र टाळावा: ‘मी तुमच्या कथेला पाच तारे दिले, आता तुम्ही माझी वाचा.’ असे तारे मिळाले की लेखकाला आपले खरे तारे कोणते तेही ओळखता येईनासे होते.

उत्तर आले नाही तर

आपण एवढे मनापासून लिहिले आणि उत्तर म्हणून हात जोडल्याचे चिन्ह आले, किंवा तेही आले नाही, तर राग मानू नये. काही लेखक प्रत्येक प्रतिसादाला उत्तर देतात. काहींना शब्द सुचत नाहीत, आणि हे लेखकांच्याच बाबतीत घडते हे विचित्र असले तरी खरे आहे. झाकणाबद्दल लिहिणाऱ्या त्या वाचकाला मी त्या वेळी ‘धन्यवाद’ एवढेच लिहू शकले होते. कथेच्या शेवटच्या भागात मी सुनेला रात्री स्वयंपाकघरात पाठवले आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी त्याच नावाने खाली एकच शब्द आला होता: ‘दिसलं.’